"यांना आता कुणाचंच काही वाटत नाही": हा स्वभाव की मेंदूचा आजार?

प्रश्न एका ताईंचा आहे. पत्र मोठं होतं, त्यातलं लागेल तेवढं इथे देते.

पती 57 वर्षांचे, सहकारी बँकेत अधिकारी. दोन-अडीच वर्षांत माणूस पार बदलला. सख्ख्या भावाच्या तेराव्याला पंगतीत मोठमोठ्याने विनोद सांगत होते, शिरा तिसऱ्यांदा मागून घेतला. ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या दवाखान्यातून घरी आल्या, तर यांचा पहिला प्रश्न, "आज चहा कोण करणार?" लिफ्टमध्ये अनोळखी बाईला "केवढ्या जाड झालात" म्हणाले. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्याच दुकानातून पाव किलो पेढे आणायचे आणि एकट्याने संपवायचे. स्मरणशक्ती मात्र ठणठणीत. 1983 च्या अंतिम सामन्याचा धावफलक पाठ, व्याजाचा हिशोब तोंडी. एमआरआयच्या रिपोर्टवर 'वयोमानानुसार बदल' एवढंच. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. सासरचे म्हणतात हा मुळातच तऱ्हेवाईक. एका मावशींना करणीचा संशय आहे. शेवटी ताई विचारतात: "हे मुद्दाम असं वागतात का? यांची माझ्यावरची माया गेली का? आणि माया अशी मेंदूतून जाऊ शकते का?"

ताई, मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. मेंदूच्या आजारात माणसाचं काय शाबूत राहिलंय आणि काय गेलंय, हे चाचण्या घेऊन शोधणं हे माझं रोजचं काम. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून एक शक्यता तपासून घ्यायलाच हवी असं मी स्पष्ट सांगेन. तिचं नाव फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया, त्यातला वागणुकीपासून सुरू होणारा प्रकार. आम्ही बोलताना नुसतं एफटीडी म्हणतो.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरणारे आजोबा आठवतात. तो अल्झायमर. त्याची सुरुवात बहुधा स्मरणाचं काम करणाऱ्या भागापासून होते. एफटीडी दुसरीकडून सुरू होतो: कपाळामागचा भाग आणि कानशिलाच्या आतल्या भागाचं पुढचं टोक. प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांनी 1892 साली या जातीच्या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणजे अल्झायमरच्याही आधी. तरी आजही तो पटकन ओळखला जात नाही. एक तर तो बहुतेक 45 ते 65 या वयात येतो. माणूस नोकरीत असतो, चालता-बोलता असतो, 'डिमेन्शिया' हा शब्द कुणाच्या मनातही येत नाही. दुसरं म्हणजे, जे जातं त्याला आपण आजार समजतच नाही. त्याला आपण वळण म्हणतो, संस्कार म्हणतो, लाज म्हणतो. 2023 साली हॉलिवूडचे नट ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांना हा आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे त्याचं नाव तरी लोकांच्या कानावर गेलं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातच आहेत.

दुसऱ्या माणसाला समजून घेणं हे मेंदूच्या दृष्टीने एक काम नाही. वेगवेगळ्या जागी चालणारी बरीच कामं आहेत, आणि त्यातलं एखादं बंद पडलं तरी बाकीची चालू राहू शकतात. म्हणूनच घरच्यांना वाटतं, याला सगळं कळतं, फक्त करायचं नाही.

चेहरा ओळखणं हे एक काम. मेंदूच्या खालच्या बाजूला, जास्त करून उजवीकडे, एक पट्टा आहे. त्याला इजा झाली तर माणूस स्वतःच्या मुलीला चेहऱ्यावरून ओळखत नाही, आवाज ऐकला की लगेच ओळखतो. तुमच्या यजमानांचं हे शाबूत दिसतंय. चेहऱ्यावरचा भाव वाचणं हे मात्र निराळं काम. समोरचा कुठे बघतोय, ओठ कसे हलतायत, हे कानाच्या वरच्या बाजूला मेंदूची जी घळ आहे तिथे टिपलं जातं, आणि 'यात माझ्यासाठी महत्त्वाचं काय' हे ठरवायला अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ मदत करते.

या गाठीवरून एक गोष्ट सांगते, ती तुमच्या घरात उपयोगी पडेल. अमेरिकेत एका बाईंच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डाला दुर्मीळ आजाराने नष्ट झाल्या होत्या. संशोधनात त्यांना एस. एम. एवढ्याच अक्षरांनी ओळखतात. आनंद, राग त्यांना चेहऱ्यावरून कळायचा, भीती कळायची नाही. 1994 साली हे प्रसिद्ध झालं. मग 2005 मध्ये राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की या बाई समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, आणि भीती दिसते ती मुख्यतः डोळ्यांत. त्यांना सांगितलं, "डोळ्यांकडे बघा." लगेच भीती ओळखता यायला लागली, चारचौघांइतकी. पण सांगणं थांबलं की नजर परत खाली. म्हणजे ओळखण्याची ताकद होती. आपणहून नजर तिकडे वळणं गेलं होतं. 'सांगितलं की करतात, आपणहून सुचत नाही', हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. तेच हे.

दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं हे तिसरं काम. 1985 साली लंडनमध्ये मुलांसाठी एक सोपी चाचणी वापरली गेली. एक मुलगी आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, दुसरी ती काढून डब्यात लपवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? चार वर्षांच्या आसपासचं मूल म्हणतं, टोपलीत. त्याहून लहान मूल म्हणतं, डब्यात, कारण त्याला स्वतःला ते माहीत असतं. मोठेपणी हे काम कानाच्या मागे-वर, जिथे मेंदूचे दोन खंड भेटतात तिथे आणि कपाळामागच्या मधल्या भागात चालतं. 2003 पासून रिबेका सॅक्स आणि इतरांनी स्कॅनमध्ये हे वारंवार दाखवलंय.

आणि चौथं, ज्याला तुम्ही माया म्हणता त्याच्या सगळ्यात जवळचं: जाणवणं. दुसऱ्याला लागलं की आपल्या पोटात गलबलतं, ते. टानिया सिंगर यांनी 2004 साली 16 जोडप्यांवर एक प्रयोग केला. बायको स्कॅनरमध्ये, नवरा शेजारी, दोघांच्या हाताला विजेचा छोटा झटका देण्याची सोय. झटका बायकोला बसला की मेंदूचे बरेच भाग जागे व्हायचे. झटका नवऱ्याला बसला हे तिला नुसतं कळलं तरी त्यातले काही भाग जागे व्हायचे: इन्सुला, आणि दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवरचा सिंग्युलेटचा पुढचा भाग. हाताला नेमकं कुठे टोचलं हे सांगणारा भाग मात्र शांत. म्हणजे दुखण्याची जागा उसनी येत नाही, दुखण्याचा त्रास येतो. इन्सुला एरवी काय करते? छातीतली धडधड, पोटातला खड्डा, घशातला आवंढा, शरीराच्या आतून येणाऱ्या या खबरा ती घेते. दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं त्यात आपल्या शरीराचा एवढा वाटा असतो.

एफटीडी हा आजार सुरुवातीला नेमका इथेच हल्ला करतो. इन्सुला आणि सिंग्युलेटच्या पुढच्या भागात लांबट, चातीसारख्या आकाराच्या खास पेशी असतात. कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांनी 1920 च्या दशकात त्यांचं सविस्तर वर्णन केलं म्हणून त्यांचंच नाव. अशा पेशी वानरांत, हत्तींत आणि काही देवमाशांतही सापडल्यात. 2006 साली विल्यम सीली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने दाखवलं की एफटीडीत या पेशी फार लवकर आणि वेचून मरतात. अल्झायमरमध्ये तसं होत नाही. दारावरची बेल बंद पडली तर बाहेर कुणी कितीही वेळ उभं राहिलं तरी आतल्याला पत्ता लागत नाही. घर रिकामं नसतं आणि आतला माणूस दुष्टही नसतो. तुम्ही ऑपरेशनहून आलात तेव्हा तुमचं वाकून चालणं, उतरलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपर्यंत नक्की पोचला. त्यापुढे आत काहीच वाजलं नसावं.

इथे थोडं विषयांतर. मिरर न्यूरॉन्सबद्दल आपल्याकडे भाषणांत फार ऐकायला मिळतं. 1992 साली इटलीत पार्मा इथे माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी पेटतात. शोध मोठाच आहे. पण त्यावरून सगळी सहानुभूती, सगळी माणुसकी त्या पेशींच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. एफटीडीचे रुग्ण समोरच्याची नक्कल छान करतात, काही तर गरजेपेक्षा जास्त करतात. कमी पडते ती कळकळ.

आता माझ्या टेबलासमोर काय होतं ते सांगते. अशी माणसं येतात, पहिला अर्धा तास सगळं झकास. तारीख, वार, शंभरातून सात-सात वजा करणं, पाच शब्द लक्षात ठेवून दहा मिनिटांनी सांगणं, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणं. पैकीच्या पैकी. नेहमीच्या तीस गुणांच्या चाचणीत असा माणूस आरामात पास होतो, आणि कागदावर 'नॉर्मल' पडतं.

मग मी गोष्टी काढते. "सुमनकडे पाहुणे आले. तिने स्वतः पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवताना एक पाहुणा म्हणाला, ही बाजारातली दिसतेय, असलं चामडं घरी कोण करतं! सुमन उठून आत गेली." आणि विचारते, इथे कुणी बोलू नये असं काही बोललं का?

एक गृहस्थ, असेच मोठ्या हुद्द्यावरचे, शांतपणे म्हणाले, "नाही."

सुमन आत का गेली?

"पाणी आणायला असेल."

पोळ्या कुणी केल्या होत्या? "सुमनने." पाहुण्याला ते माहीत होतं का? "नसावं, बाजारातली म्हणाला ना." प्रत्येक उत्तर बरोबर. सगळे तुकडे हातात होते, पण ते जोडल्यावर जो चटका बसायला हवा तो त्यांना बसला नाही. चाचणीत एरवी घरचं कुणी आत नसतं. त्या दिवशी वडील एकटे बसेनात म्हणून मुलगी मागे बसली होती. 'चामडं' ऐकल्याबरोबर तिच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. वडिलांनी मागे वळून विचारलं, "काय झालं?"

टोमण्यांचंही तसंच. तासभर उशिरा आलेल्याला कुणी म्हणालं, "वा, किती लवकर आलात!" तर या आजारात माणूस ते शब्दशः घेतो. ताई, आपल्याकडे निम्मा संसार टोमण्यांवर चालतो. तुम्ही दोन वर्षं जे आडून आडून सुचवत आलात, त्यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचलं असेल याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट घरच्यांना फार बुचकळ्यात टाकते. हीच माणसं तत्त्वाचं विचारलं तर बिनचूक सांगतात. बायको आजारी असेल तर काय करावं? "विश्रांती द्यावी, डॉक्टरकडे न्यावं." 1985 मध्ये एस्लिंगर आणि दमासियो यांनी असा एक माणूस जगापुढे आणला, व्यवसायाने हिशेबनीस, डोळ्यांच्या वर मेंदूच्या पुढच्या भागात गाठ होती ती काढली. बुद्ध्यंक उत्तम राहिला. कागदावरच्या नैतिक प्रश्नांची उत्तरं बरोबर. पण नोकरी टिकली नाही, पैसा फसव्या धंद्यात बुडाला, संसार मोडला, आणि कुठे जेवायला जायचं हे ठरवायलाही तासन्‌तास लागायचे. माहीत असणं आणि आतून टोचणी लागणं ही मेंदूत दोन वेगळी खाती आहेत.

तर 'मुद्दाम करतात का' याचं उत्तर: हा आजार असेल तर नाही. मुद्दाम दुखवायलासुद्धा समोरच्याला काय लागेल याचा अंदाज लागतो.

'माया गेली का' याला मी गोड उत्तर देणार नाही. तुम्ही कोण, लग्न कधी झालं, तुम्हाला कुठली साडी आवडते, हे त्यांना आठवतं आणि बराच काळ आठवेल. तुम्हाला बघून आपोआप जे उमटायचं ते उमटेनासं झालं असेल. पण स्वतःला एक प्रश्न विचारा: ते फक्त तुमच्याशी कोरडे झालेत की सगळ्यांशीच? भावाच्या तेराव्याला, लिफ्टमधल्या बाईशी, लेकीशी, जुन्या मित्रांशी? संसारातला दुरावा माणूस निवडून करतो. बायकोशी तुटक आणि मित्रांत खुलणारा नवरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. आजार निवड करत नाही. तुमच्या पत्रात तो कुणालाच वगळत नाहीये.

डिप्रेशनचं म्हणाल, तर त्यात माणूस स्वतः कष्टी असतो. झोप नाही, भूक नाही, 'मी सगळ्यांना ओझं झालोय' अशी बोच. एफटीडीत रुग्ण बहुधा मजेत असतो आणि घरचे रडकुंडीला आलेले असतात. "मला काय धाड भरलीय?" हे त्याचं प्रामाणिक मत असतं, कारण स्वतःतला बदल दिसण्याची सोयही त्याच भागांत आहे. 'मुळातच तऱ्हेवाईक' म्हणणाऱ्यांसाठी साधा उपाय म्हणजे त्यांच्या शाळेतल्या किंवा बँकेतल्या जुन्या मित्राला विचारणं. लहानपणापासूनचा एककल्ली स्वभाव किंवा ऑटिझम वेगळा. तिथे माणूस पहिल्यापासून तसा असतो. इथे पन्नाशीनंतर उतार लागलाय. वयाच्या या टप्प्यावर पहिल्यांदाच सुरू झालेला उन्माद, दारू, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, मेंदूपर्यंत गेलेले काही जुने संसर्ग, हेही बघावंच लागतं. रक्ताच्या साध्या तपासण्या त्यासाठीच असतात.

2011 सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत या आजाराची सहा लक्षणं धरली आहेत: सुटलेला आवर, उदासीनता, आटलेली सहानुभूती, त्याच त्याच ठरावीक कृती, खाण्यात बदल (विशेषतः गोडाची ओढ), आणि स्मरण बऱ्यापैकी शाबूत असूनही नियोजनात गडबड. तीन असली तर आजार संभवतो असं म्हणतात. तुमच्या पत्रात मला किमान तीन दिसतात. पेढेसुद्धा त्यात आले, हे तुम्हाला नवल वाटेल.

न्यूरोलॉजिस्टकडे जा, शक्यतो जिथे मेमरी क्लिनिक आहे तिथे. एमआरआय पुन्हा काढायची घाई नको. जुन्या फिल्म किंवा सीडी घेऊन जा आणि 'पुढचा भाग, इन्सुला आणि कानशिलाचं टोक, विशेषतः उजवीकडे, आकसलंय का' असं नेमकं विचारा. पहिल्या वेळी चिठ्ठीवर 'वागण्यात बदल' एवढंच लिहिलेलं असेल तर बघणाऱ्याने गाठ, रक्तस्राव नाही ना हे पाहून नॉर्मल लिहिलेलं असतं. सुरुवातीला एमआरआय खरोखरच साफही येऊ शकतो. अशा वेळी एफडीजी-पेट स्कॅन सुचवतात; कुठला भाग साखर कमी वापरतोय ते त्यात दिसतं. मुंबई-पुण्यात तो सहज होतो, खर्चिक आहे.

डॉक्टरांशी एकट्याने बोलायला दहा मिनिटं मागून घ्या. त्यांच्यासमोर तुम्ही निम्मं सांगणार नाही, हे मला माहीत आहे.

एक प्रश्न तुम्हाला: भाऊ कशाने गेले? त्यांच्याही वागण्यात शेवटी विचित्रपणा होता का, किंवा हातपाय बारीक होत जाणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, असं काही? हा आजार काही घराण्यांतून चालत येतो, आणि त्यातल्या काहींत तो मोटर न्यूरॉन डिसीजच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या, हातात हात घालून येतो. दोन्हींना कारण ठरणारा एक जनुकीय दोष 2011 मध्येच सापडला. असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुलांची जनुकीय तपासणी मात्र परस्पर कुठल्या लॅबमध्ये करू नका. आधी समुपदेशन, मग मुलांची स्वतःची मर्जी.

औषधांबद्दल: आजार थांबवणारं औषध आज नाही. अल्झायमरला देतात त्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही, उलट चिडचिड वाढू शकते. गंमत अशी की तुम्ही ज्यांना निरुपयोगी म्हणताय त्या डिप्रेशनच्या गोळ्यांपैकी काही या आजारात खाण्याची ओढ आणि उतावळेपणा कमी करायला वापरतात. म्हणून मनाने बंद करू नका. आणि ऑक्सिटोसिनचा स्प्रे कुणी 'मायेचं हार्मोन' म्हणून विकायला आलं तर पैसे वाचवा. 2021 मध्ये ऑटिझम असलेल्या 290 मुलांवर मोठी चाचणी झाली; 24 आठवड्यांनंतर हा स्प्रे आणि औषध नसलेला तसाच फवारा यांत समाजात मिसळण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. जोडी जमवून राहणाऱ्या प्रेअरी व्होल नावाच्या उंदरांवरून ऑक्सिटोसिनचा एवढा बोलबाला झाला, त्यांच्यात 2023 साली पेशींवरचा ऑक्सिटोसिन टिपणारा रिसेप्टरच जन्मापासून काढून टाकला, तरी त्यांनी जोड्या जमवल्याच. एका रसायनावर एवढं अवलंबून नसतं ते.

घरात काय करायचं? सगळ्यात आधी समजावून सांगणं थांबवा. 'तुम्हाला काहीच कसं वाटत नाही' या वाक्याला त्यांच्याकडे उत्तर नाही. त्याऐवजी "मला ताप आहे. हा ग्लास घ्या, पाणी भरून आणा, माझ्या उशाशी ठेवा." छोटं, सरळ, एका वेळी एक काम. डोळ्यांकडे बघायला सांगितल्यावर त्या बाईंना भीती ओळखता आली, तसंच हे. रोज सांगावं लागेल. आज सांगितलं म्हणून उद्या आपणहून होणार नाही. पेढेवाल्याला विश्वासात घ्या, पाव किलोची पुडी शंभर ग्रॅमची झाली तरी त्यांना ठरलेली फेरी पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. फेरी बंद केलीत तर भांडण होईल. लिफ्टमधल्या प्रसंगांसाठी माझ्याकडे येणाऱ्या काही घरांनी छोटी कार्डं छापून घेतलीत: 'माझ्या पतींना मेंदूचा आजार आहे, त्यांच्या बोलण्याचा राग मानू नका.' बाजारात, बसमध्ये हळूच पुढे करायचं. लोक समजून घेतात, आपल्याला वाटतं त्याहून बरेच जास्त.

पैशांचं उद्यावर टाकू नका. ते बँकेत अधिकारी आहेत. कर्जाच्या फाइलवर त्यांची सही चालते. आवर सुटलेल्या माणसाच्या हातून नियमबाह्य काही झालं तर चौकशी लागते, आणि तेव्हा 'आजारी होते' हे कुणी ऐकत नाही. निदानाच्या दिशेने पावलं पडताच डॉक्टरांचं लेखी पत्र घेऊन वैद्यकीय रजा टाका. रागाच्या भरात राजीनामा लिहून दिला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करा, ठेवी संयुक्त नावावर आणा, नामांकन तपासा. लोक कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण ज्याने ते दिलं त्याची सारासार बुद्धी गेली की आपल्या कायद्यात ते टिकत नाही. मृत्युपत्र, संयुक्त खाती, जे काही ते समजून-उमजून सही करू शकतात तोवर, वकिलाच्या सल्ल्याने. गाडी चालवणं बंद करावं लागेल. हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या, तुमच्यावर राग नको.

आता तुमचं. व्हर्जिनियातले जेम्स कोन यांनी 2006 मध्ये 16 विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि पायाला झटका बसू शकतो असं सांगितलं. एकटीने झोपल्यावर मेंदूत धोक्याची जी धांदल उडायची ती नवऱ्याने हात धरल्यावर बरीच ओसरायची, आणि नातं जितकं चांगलं तितकी जास्त. अनोळखी माणसाने हात धरला तरी थोडी ओसरायचीच. तुमच्या धांदलीवरचा तो हात दोन वर्षांपूर्वी निसटलाय, आणि शेजारी माणूस बसलेला असताना निसटलाय, त्यामुळे कुणी विचारपूसही करत नाही. विधवा बाईकडे शेजारणी डबा घेऊन येतात. तुमच्याकडे 'नवरा कसा मजेत असतो' म्हणतात. एकटेपण हे नुसतं वाटण्यापुरतं नसतं. 2010 साली 148 अभ्यासांमधल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा ज्यांची नाती घट्ट होती त्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणून बहीण, मैत्रीण, भजनी मंडळ, जे कुणी तुमचा हात धरू शकेल ते आठवड्यातून ठरवून हवं, आणि त्या वेळात यजमानांजवळ दुसरं कुणी. डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेच्या शाखा महाराष्ट्रातही आहेत, काळजीवाहकांचे गट चालतात. रात्री-अपरात्री मन फारच बसलं तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर मराठीत बोलते.

मावशींशी करणीवरून वाद घालू नका; त्यांना भाच्यावर लक्ष ठेवायला दुपारी दोन तास बोलवा.

आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी एक वही करा. 'विचित्र वागतात' असं लिहू नका. तारीख, कुठे, कोण समोर होतं, ते काय म्हणाले, शब्दाला शब्द. चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या घरगुती कार्यक्रमाचा व्हिडिओ आणि अलीकडचा एक, दोन्ही मोबाइलमध्ये घेऊन जा. ते कुणाकडे बघतात, कुणी रडलं तर काय करतात, कुणाला जागा देतात, हे दहा मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. बँकेतल्या एखाद्या सहकाऱ्याला दोन ओळी लिहून द्यायला सांगा. आणि तेराव्याचा प्रसंग लिहायची लाज वाटत असली तरी तोच सगळ्यात वर लिहा.